लघवी गळणे आणि मूत्राशयाचे आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणती लक्षणे दिसली तर वाट न पाहता डॉक्टरकडे जावे?

लघवीतून रक्त जाणे, मग ते एकदाच दिसलेले असो आणि अजिबात दुखत नसो. लघवी पूर्ण अडून ओटीपोट फुगणे. लघवीच्या त्रासासोबत थंडी वाजून ताप येणे. आणि सर्वांत तातडीचे म्हणजे गळती अचानक सुरू होऊन सोबत जांघेत किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, पायांत अशक्तपणा, शौचावरचा ताबा सुटणे. कण्याच्या खालच्या टोकाकडे जाणारे मज्जातंतू दबले की असे होते. तिथे तासातासाला महत्त्व असते, त्यामुळे सकाळपर्यंत थांबू नये.

बाळंतपण, गर्भाशयाची शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झाल्यानंतर दिवसरात्र सतत झिरपत असेल, तर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडलेले असू शकते. या गळतीवर खाली दिलेल्या व्यायामांचा काही उपयोग नाही. आधी तपासणी करून छिद्र शोधावे लागते.

वय झाले की लघवी गळणारच, हे खरे का?

वयाबरोबर प्रमाण वाढते, पण म्हणून गळणे ही वयाची अटळ खूण ठरत नाही. नॉर्वेत १९९५ ते १९९७ या काळात सुमारे २८ हजार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या साधारण २५ टक्के स्त्रियांनी गळती होत असल्याचे सांगितले, आणि त्यांत तरुण स्त्रियाही होत्या.

वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, याचे कारण बहुतेकदा प्रश्नातच असते. लघवीवरच्या ताब्याच्या त्रासांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीच्या २००२ च्या व्याख्येत आपोआप होणाऱ्या कोणत्याही गळतीची तक्रार धरली जाते. किती गळते, याला त्यात अट नाही. ‘कधीतरी गळते का?’ असे विचारले की आकडा फुगतो. ‘दर आठवड्याला गळते का?’ विचारले की तो झपाट्याने खाली येतो.

मूत्राशय नेमके काम कसे करते?

मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ६०० मिलिलिटर लघवी मावते. १५० ते २०० मिलिलिटर भरल्यावर पहिली जाणीव होते. ती जाणीव म्हणजे फक्त सूचना असते, हुकूम नव्हे. भरण्याच्या काळात मूत्राशयाची भिंत सैल राहते आणि मूत्रमार्गाचा स्नायू आवळलेला असतो. मेंदूने परवानगी दिली की हे उलटते, म्हणजे आधी खालचा स्नायू सैल होतो आणि मग भिंत आकुंचन पावते. या सगळ्याला खालून आधार असतो तो पेल्विक फ्लोअरचा. जांघेच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखा पसरलेला हा स्नायूंचा पट आहे.

म्हणजे बिघाड चार ठिकाणी होऊ शकतो: भिंतीत, झाकणात (म्हणजे मूत्रमार्गाच्या स्नायूत), आधारात किंवा मेंदू ते मूत्राशय या मज्जातंतूंच्या वाटेत. उपचार निवडताना यांतले नेमके काय बिघडले आहे, हेच शोधायचे असते.

माझी गळती कोणत्या प्रकारची आहे, हे कसे ओळखायचे?

शेवटच्या दोन-चार वेळा गळले तेव्हा तुम्ही काय करत होता, ते आठवा. खोकताना, शिंकताना, हसताना, वजन उचलताना, त्याच क्षणी थोडेसे गळते आणि थांबते, तर ती दाबाची गळती. आधी एकदम जोराची घाई होते, संडासाच्या दारापर्यंत पोचता पोचता सुटते आणि बरेचसे जाते, तर ती घाईची गळती. किल्ली कुलपात घालताना किंवा नळ सोडल्यावर कळ येते, ती याच प्रकारातली. पुष्कळ जणांना दोन्ही असतात. अशा वेळी जी जास्त छळते, तिच्यापासून उपचार सुरू करतात.

तिसरा प्रकार सहज नजरेतून सुटतो. मूत्राशय नीट रिकामेच होत नाही आणि भरून वाहू लागते. धार बारीक, जोर करावा लागतो, करून आल्यावरही राहिल्यासारखे वाटते, मधूनमधून थेंब गळत राहतात. प्रोस्टेट वाढलेले पुरुष आणि जुना मधुमेह असलेल्यांत हे दिसते. याला घाईची गळती समजून मूत्राशय सैल करणारी गोळी घेतली तर लघवी पूर्ण तुंबू शकते. म्हणून उपचाराआधी लघवी करून आल्यावर सोनोग्राफीने शिल्लक किती राहते, ते पाहून घेणे चांगले.

चौथ्या प्रकारात मूत्राशय ठीक असते, पण गुडघे, नजर, स्मृती किंवा कपड्यांच्या गाठी वेळेवर पोचू देत नाहीत. इथे पलंगाशेजारचे भांडे आणि सोपा नाडा औषधापेक्षा जास्त काम करतात.

दुसऱ्या आजारावरच्या गोळ्यांनी गळती वाढते का?

हो, आणि हा प्रश्न डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर उघडच आहेत. रक्तदाबावरच्या अल्फा-ब्लॉकर गोळ्या मूत्रमार्गाचा स्नायू सैल करतात, त्यामुळे स्त्रियांत दाबाची गळती सुरू होऊ शकते. रक्तदाबावरच्याच एसीई इनहिबिटर गटातल्या गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो आणि प्रत्येक ढासेला गळते. मधुमेहावरच्या काही नव्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे लघवीच जास्त होते. झोपेच्या गोळीने जाग वेळेवर येत नाही. यांतली कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. वेळ बदलून किंवा पर्याय देऊन बऱ्याचदा भागते.

लघवीची नोंदवही कशी ठेवायची?

सलग तीन दिवस ठेवायची. त्यात एक दिवस कामाचा आणि एक सुट्टीचा असावा. लागते काय, तर मिलिलिटरच्या खुणा असलेले प्लास्टिकचे मोजपात्र, एक वही आणि घड्याळ. प्रत्येक वेळी एक ओळ लिहायची आणि त्यात वेळ, काय आणि किती प्यायलो, किती लघवी झाली, घाई किती होती (० ते ४), गळले का, गळले तेव्हा काय करत होतो, एवढे असावे. झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ वेगळी लिहावी.

लोक दोन ठिकाणी चुकतात. संध्याकाळी बसून आठवून लिहितात, आणि त्या तीन दिवसांत ‘नीट’ वागायचे म्हणून नेहमीपेक्षा कमी पितात. दोन्ही केले तर वही निरुपयोगी होते. बाहेर असताना मोजता आले नाही तर फक्त वेळ लिहून पुढे जावे. अंदाजाने आकडा टाकू नये.

त्या वहीवरून नेमके काय कळते?

एक उदाहरण घेऊ. चोवीस तासांत एकूण १५०० मिलिलिटर लघवी झाली. रात्री झोपेतून उठून २५० आणि सकाळी उठल्यावर पहिली ३५०, म्हणजे रात्रीत तयार झालेली लघवी ६००. झोपण्याआधीची शेवटची लघवी यात धरायची नाही, पण सकाळची पहिली धरायची, कारण ती रात्रीच तयार झाली. ६०० म्हणजे १५०० चे ४० टक्के. वयस्कर माणसात हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या वर गेले तर त्याला रात्रीची अतिलघवी म्हणतात. म्हणजे इथे दोष मूत्राशयाचा नसून रात्री मूत्रपिंडे जास्त लघवी बनवत आहेत. पायांवरची सूज, हृदयाचा त्रास, झोपेत श्वास अडकणे, उशिरा घेतलेले पाणी अशी कारणे शोधावी लागतात. या माणसाला मूत्राशयाची गोळी देऊन फारसे काही हाती लागत नाही.

तेच एकूण १५०० मिलिलिटर पंधरा वेळा शंभर-शंभर करून गेले असेल, तर गोष्ट वेगळी. मूत्राशय लहान लहान प्रमाणात रिकामे होत आहे, त्याला धरून ठेवण्याची सवय लावता येईल. आणि एकूण लघवी वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिलिटरच्या वर असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाची २४०० च्या पुढे, तर आधी पिण्याचे प्रमाण आणि रक्तातली साखर पाहावी.

जागेपणी सात-आठ वेळा आणि रात्री एखादे वेळी जाणे हे साधारण मानले जाते. पण वेळा मोजण्यापेक्षा प्रत्येक वेळचे माप जास्त बोलके असते.

किती गळते हे मोजता येते का?

येते. कोरड्या पॅडचे वजन करायचे, वापरल्यावर पुन्हा करायचे. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिलिलिटर. संशोधनात एक तासाची ठरीव चाचणी वापरतात. ५०० मिलिलिटर पाणी प्यायचे, बसून राहायचे, मग अर्धा तास चालणे आणि जिने चढणे. त्यानंतर दहा वेळा उठबस, दहा वेळा खोकणे, एक मिनिट जागेवर धावणे, पाच वेळा वाकून वस्तू उचलणे आणि एक मिनिट वाहत्या पाण्यात हात धुणे. हात धुणे यात मुद्दाम आहे, कारण पाण्याच्या आवाजाने आणि स्पर्शाने कळ येते. पॅडचे वजन १ ग्रॅमहून जास्त वाढले तर गळती आहे असे धरतात. घरी चोवीस तासांचे पॅड हवाबंद पिशवीत ठेवून एकदम तोलले, तर रोजच्या जगण्याचे चित्र जास्त खरे मिळते.

युरोडायनॅमिक तपासणी करावीच लागते का?

या तपासणीत बारीक नळीने मूत्राशय भरत भरत आतला दाब मोजतात. दाबाची साधी, सरळ गळती असलेल्या ६३० स्त्रियांवर अमेरिकेत एक चाचणी झाली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेआधी अर्ध्यांची युरोडायनॅमिक तपासणी केली, अर्ध्यांची फक्त दवाखान्यातली नेहमीची तपासणी. वर्षभराने यश ७६.९ आणि ७७.२ टक्के, म्हणजे फरक नाहीच. मात्र आधी शस्त्रक्रिया झालेली असेल, लघवी शिल्लक राहत असेल, मज्जासंस्थेचा आजार असेल किंवा गळतीचा प्रकारच कळत नसेल, तर ही तपासणी उपयोगी आहे.

पेल्विक फ्लोअरचे व्यायाम नेमके कसे करायचे?

अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, म्हणून ‘कीगल’ हे नाव रुळले. करायचे असे:

१. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पोट आणि मांड्या सैल सोडा.
२. वारा सरू नये म्हणून जसे आवळतो, तसे मागून आवळा आणि तोच ओढा पुढे, वरच्या दिशेने न्या. पुरुषांना लिंगाचा मुळाकडचा भाग आत ओढला गेल्याचे आणि वृषणे किंचित वर सरकल्याचे जाणवते.
३. श्वास चालू ठेवून ६ ते ८ सेकंद धरा. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच जमले तरी चालेल.
४. पूर्ण सैल सोडा आणि तेवढाच वेळ थांबा. हे सोडणे व्यायामाचा अर्धा भाग आहे.
५. अशी ८ ते १२ आवळणी, मग तीन-चार झटपट आवळून सोडणे. दिवसातून तीन वेळा.
६. झोपून जमले की बसून, मग उभ्याने, मग चालताना.

चुकते बहुतेक दुसऱ्या पायरीला. १९९१ च्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना फक्त तोंडी सूचना दिल्या. जवळपास निम्म्यांनाच ते बरोबर जमले, आणि सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया तर आवळण्याऐवजी खाली जोर करत होत्या, ज्याने गळती वाढू शकते. ‘कीगल केले, उपयोग नाही झाला’ असे म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावे. आरसा धरून पाहा: योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा आत-वर गेली पाहिजे. ती बाहेर फुगत असेल तर तुम्ही कुंथत आहात. श्वास रोखला जाणे, पोट पुढे येणे, नितंब आवळले जाणे, याही नेहमीच्या चुका.

लघवी चालू असताना धार तोडण्याचा व्यायाम रोज करू नये. त्याने मूत्राशय अर्धवट रिकामे राहण्याची सवय लागते. आणि ज्यांना या भागात सतत दुखते किंवा संबंधाच्या वेळी वेदना होतात, त्यांचे स्नायू आधीच आवळलेले असू शकतात. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेतल्याशिवाय आवळण्याचे व्यायाम सुरू करू नयेत.

किती दिवसांत फरक पडतो? पुरावा किती भक्कम आहे?

किमान तीन महिने द्यावेत. पंधरा दिवसांत सोडून देणे हे अपयशाचे अगदी नेहमीचे कारण आहे. चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ३१ चाचण्या आणि १८१७ स्त्रिया होत्या. दाबाची गळती असलेल्यांत व्यायाम करणाऱ्या गटातल्या ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले, न करणाऱ्या गटात ६ टक्क्यांनी. इतका स्पष्ट फरक या क्षेत्रात क्वचित दिसतो. मात्र बऱ्याच चाचण्या थोड्या काळाच्या आहेत, आणि व्यायाम थांबवला की इतर कोणत्याही स्नायूप्रमाणे इथेही ताकद ओसरते.

यंत्र किंवा बायोफीडबॅक घेतल्याने जास्त फायदा होतो का?

ब्रिटनमध्ये ६०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसता नीट शिकवलेला व्यायाम आणि तोच व्यायाम बायोफीडबॅक यंत्रासह (स्नायू किती आवळला ते पडद्यावर दाखवणारे यंत्र), अशी तुलना केली. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. त्याच वर्षी कॅनडातून आलेल्या चाचणीत साठीच्या पुढच्या ३६२ स्त्रियांना एकेकटीने किंवा गटात शिकवले. वर्षभराने गळतीच्या वेळा अनुक्रमे ७० आणि ७४ टक्क्यांनी घटल्या. पैसे यंत्रावर घालण्यापेक्षा एकदा जाणकार फिजिओथेरपिस्टकडून आवळणी तपासून घेण्यावर घालावेत, असे आमचे मत आहे. ज्यांना स्नायूच सापडत नाही, त्यांना मात्र यंत्राने सुरुवात सोपी होते.

खोकला आला की लगेच काही करता येते का?

खोकण्याच्या किंवा शिंकण्याच्या क्षणभर आधी आवळायचे आणि ढास संपेपर्यंत धरायचे. १९९८ च्या एका छोट्या अभ्यासात २७ वयस्कर स्त्रियांना ही युक्ती शिकवली. आठवडाभरातच मध्यम खोकल्यावेळची गळती सरासरी ९८ टक्क्यांनी आणि जोराच्या खोकल्यावेळची ७३ टक्क्यांनी कमी झाली. स्नायू एका आठवड्यात बळकट होत नाही. इथे फक्त वेळ साधली जाते. वजन उचलताना, खुर्चीवरून उठतानाही हेच करावे.

एकदम घाई होते तेव्हा काय करायचे?

पळू नका. पळताना पोटाचा दाब वाढतो आणि लक्ष सगळे मूत्राशयाकडे जाते. जागेवर थांबा, शक्य असेल तर बसा. पाच-सहा वेळा झटपट आवळा, कारण या आवळण्यामुळे मूत्राशयाच्या भिंतीचे आकुंचन मज्जातंतूंच्या प्रतिक्षेपाने दबते. मन दुसरीकडे लावा. शंभरातून सात-सात वजा करत जाणे अनेकांना जमते. कळ लाटेसारखी चढते आणि उतरते. उतरली की शांतपणे चालत जा.

याच्या जोडीला मूत्राशयाची शिकवणी असते. वहीतून सध्याचे अंतर काढा. समजा ते एक तासाचे आहे. आठवडाभर घड्याळ लावून दर तासाला जा, कळ असो वा नसो. जमले की अंतर पंधरा मिनिटांनी वाढवा, पुढच्या आठवड्यात आणखी पंधरा. तीन तासांच्या आसपास पोचलात की पुरे. निदान सहा आठवडे लागतात. एखाद्या दिवशी बिनसले तर मागच्या अंतरावर या, सुरुवातीपासून नको. ‘निघण्याआधी एकदा जाऊन येते’ ही सवय या काळात सोडावी लागते, कारण त्याने मूत्राशय थोडे भरले की लगेच इशारा द्यायला शिकते.

पाणी कमी प्यायले तर गळणे थांबेल का?

फार कमी प्यायल्याने लघवी गडद होते, बद्धकोष्ठ होतो, आणि भरलेले आतडे मूत्राशयावर दाब आणते. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरची २०१८ ची चाचणी पाहा: अर्ध्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. उलट, जे चार-पाच लिटर पितात त्यांनी ते कमी करून पाहावे. दिवसाला दीड लिटरभर लघवी होईल इतके पिणे बहुतेकांना पुरते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी दिलेले प्रमाणच पाळावे.

चहा-कॉफीबद्दलचे पुरावे मिश्र आहेत. दोन आठवडे बंद करून वहीत फरक दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल तर उगाच सोडू नये.

वजन कमी केल्याने फायदा होतो का?

होतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत वजन जास्त असलेल्या ३३८ स्त्रिया होत्या. सहा महिन्यांत एका गटाचे वजन सरासरी ८ टक्के घटले, दुसऱ्याचे १.६ टक्के. गळतीच्या वेळा पहिल्या गटात ४७ टक्क्यांनी कमी झाल्या. दुसऱ्या गटातही २८ टक्क्यांनी झाल्याच! त्यांना फक्त माहितीचे वर्ग दिले होते. पण गळतीची वही ठेवणे, त्याबद्दल बोलणे, थोडे लक्ष देणे यानेही माणूस बदलतो. शिवाय त्रास शिगेला असताना लोक चाचणीत येतात आणि तो आपसूकही थोडा ओसरतो. वजनाचा खरा वाटा या दोन आकड्यांतल्या फरकात आहे.

सिझेरियन झाले तर गळती होत नाही, हे बरोबर का?

अर्धेच बरोबर. नॉर्वेच्याच माहितीवर आधारित २००३ च्या विश्लेषणात ६५ वर्षांखालील स्त्रिया होत्या. मूल न झालेल्यांत गळतीचे प्रमाण १०.१ टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत १५.९ आणि फक्त नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांत २१.० टक्के आढळले. म्हणजे गरोदरपणाचाही वाटा आहे. फक्त गळती टाळण्यासाठी सिझेरियन मागणे या आकड्यांवरून समर्थनीय ठरत नाही. गरोदरपणातच पेल्विक फ्लोअरचे व्यायाम सुरू केले तर शेवटच्या महिन्यांतली गळती कमी होते, याला चांगला पुरावा आहे.

पाळी गेल्यानंतर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन मलमाने घाई आणि गळती थोडी कमी होऊ शकते. तोंडाने घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांनी मात्र अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत (२००५) गळती वाढलेली आढळली. एकच हार्मोन, पण देण्याची वाट बदलली की परिणाम उलटा.

घाईवरच्या गोळ्यांनी स्मृती जाते का?

ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन या अँटिकोलिनर्जिक गोळ्या मूत्राशयाची भिंत सैल करतात. तोंड कोरडे पडणे आणि बद्धकोष्ठ हे नेहमीचे त्रास. २०१९ च्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या सुमारे ५९ हजार लोकांची तुलना सव्वादोन लाख इतरांशी केली. या गटातल्या मूत्राशयाच्या गोळ्या दीर्घकाळ, जास्त प्रमाणात घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळले. पण असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीलाच घाई वाढते आणि म्हणून गोळी सुरू होते, असेही असू शकते. तरी वयस्कर माणसात, विशेषतः अशा परिणामाच्या इतर गोळ्या चालू असताना, या गोळ्या टाळण्याकडे किंवा कमीत कमी ठेवण्याकडे कल असावा.

मिराबेग्रॉन आणि व्हिबेग्रॉन या वेगळ्या पद्धतीने काम करतात. मिराबेग्रॉनला अमेरिकेत २०१२ मध्ये परवानगी मिळाली. त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून रक्तदाब ताब्यात नसताना देत नाहीत.

गोळ्या चालल्या नाहीत तर पुढे काय?

तीन वाटा आहेत. मूत्राशयाच्या भिंतीत दुर्बिणीतून बोटॉक्सची (स्नायू सैल करणाऱ्या औषधाची) इंजेक्शने, घोट्याजवळच्या नसेला सुईतून विजेचे सौम्य झटके, किंवा माकडहाडाजवळच्या नसेवर बसवायचे छोटे उपकरण.

बोटॉक्स आणि गोळ्या यांची थेट तुलना २०१२ मध्ये झाली. रोजच्या सरासरी पाच गळत्यांपैकी गोळ्यांनी ३.४ आणि १०० युनिट बोटॉक्सने ३.३ कमी झाल्या, म्हणजे बरोबरी. पण गळती पूर्ण थांबणाऱ्यांचे प्रमाण गोळ्यांत १३ टक्के, तर बोटॉक्समध्ये २७ टक्के होते. त्याची किंमत म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग १३ विरुद्ध ३३ टक्के, आणि बोटॉक्सनंतर ५ टक्के स्त्रियांना लघवी उतरत नसल्याने नळी घालावी लागली. स्वतः नळी घालायची तयारी नसेल तर बोटॉक्सला होकार देऊ नये.

घोट्याच्या उपचारात दर आठवड्याला अर्धा तास, असे बारा आठवडे बसावे लागते. २०१० च्या चाचणीत ५४.५ टक्के लोकांना ठळक सुधारणा वाटली, आणि लटका (नुसता दिखाव्याचा) उपचार दिलेल्यांपैकी २०.९ टक्क्यांनाही वाटली.

जाळीच्या शस्त्रक्रियेबद्दल उलटसुलट ऐकू येते. नेमके काय?

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. दाबाच्या गळतीसाठी मूत्रमार्गाखाली सुमारे एक सेंटिमीटर रुंद पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या जाळीची पट्टी बसवतात. स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये ती मांडली. अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून बसवायची जाळी आकाराने बरीच मोठी असते. तिची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. ब्रिटनमध्ये जुलै २०१८ पासून पट्टीच्या वापरावरही कडक निर्बंध आले, कारण काही स्त्रियांना कायमच्या वेदना, पट्टी योनीत उघडी पडणे असे त्रास झाले, आणि पट्टी काढणे बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. तिचा यशाचा दर चांगला आहे, पण निर्णय घेण्याआधी सर्जनला तीन प्रश्न विचारावेत: वर्षाला अशा किती करता, पट्टी काढायची वेळ आली तर कोण काढते, आणि स्वतःच्याच ऊतीची पट्टी हा पर्याय माझ्यासाठी आहे का.

पुरुषांचे काय?

प्रोस्टेट पूर्ण काढल्यानंतर सुरुवातीला गळणे नेहमीचे आहे आणि वर्षभर सुधारणा होत राहते. इथे व्यायामाचा पुरावा स्त्रियांइतका ठोस नाही. २०११ च्या ब्रिटिश चाचणीत वर्षाअखेर गळणाऱ्यांचे प्रमाण शिकवलेल्या गटात ७६ टक्के आणि नेहमीच्या देखभालीच्या गटात ७७ टक्के होते. वर्षानंतरही बरेच गळत असेल तर कृत्रिम झडप किंवा आधारपट्टीचा विचार करतात.

लघवी करून चड्डी चढवल्यावर दोन थेंब पडतात, तो त्रास वेगळा आणि निरुपद्रवी. वृषणांच्या मागे बोटे ठेवून पुढे, वरच्या दिशेने दाबत न्यायची. वाकलेल्या मूत्रमार्गात अडकलेली लघवी निघून जाते.

तपासणीत जंतू दिसले, पण त्रास नाही. औषध घ्यावे का?

बहुतेकदा नाही. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची काही शस्त्रक्रिया हे मुख्य अपवाद. लघवी निर्जंतुक असते, ही जुनी समजूत मोडली आहे. शिकागोतल्या लॉयोला विद्यापीठाच्या गटाने २०१४ मध्ये नळीने घेतलेले ६५ नमुने जास्त काळजीपूर्वक वाढवले. ५२ नमुन्यांत जंतू सापडले, आणि त्यांतल्या ४८ ना नेहमीच्या पद्धतीने ‘वाढ नाही’ असा अहवाल मिळाला असता. हे रहिवासी जंतू घाईच्या त्रासात नेमके काय करतात, यावर काम चालू आहे. त्यावर आधारित कोणताही उपचार अजून ठरलेला नाही, त्यामुळे मूत्राशयाचे जंतू सुधारण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोळ्यांपासून लांब राहावे.

मूलपेशी आणि लेसरबद्दल?

मूलपेशी उपचाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्नायूपेशींच्या इंजेक्शनची एक मोठी चाचणी ठरलेली संख्या भरण्याआधीच थांबवावी लागली, कारण लटके इंजेक्शन घेतलेल्याही फार मोठ्या संख्येने सुधारल्या आणि फरक दाखवता येईना. योनीच्या लेसरबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये भाजणे, व्रण आणि वेदनांचा इशारा दिला. दोन्ही उपचार संशोधनाच्या चौकटीबाहेर पैसे देऊन घेऊ नयेत.

संशोधन चाचणीत भाग घ्यायचा असेल तर आधी काय विचारावे?

दुसऱ्या गटाला काय मिळणार आहे, म्हणजे लटका उपचार, नेहमीचा उपचार की नुसती प्रतीक्षा? चालू गोळ्या किती दिवस बंद ठेवाव्या लागतील? यश कशाने मोजणार, म्हणजे वहीने, पॅडच्या वजनाने की प्रश्नावलीने? नेहमी वापरली जाणारी छोटी प्रश्नावली ० ते २१ गुणांची असते. गुण दोनाने घटले आणि तुमची रात्र तशीच गेली, असेही होऊ शकते. उपकरण बसवले तर चाचणी संपल्यावर त्याची देखभाल आणि काढण्याचा खर्च कोण करणार, हे लेखी घ्यावे. आणि कारण न सांगता कधीही बाहेर पडता येते, तुमच्या नेहमीच्या उपचारावर त्याचा परिणाम होत नाही, हे संमतीपत्रात लिहिलेले आहे का, ते सहीआधी शोधावे.